मोटारीवर कर लावा, पण त्या सकाळी बस उभी असू द्या

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम,
यांना

स. न. वि. वि.

मी मूळची मुलुंडची. लग्नानंतर इथे बर्मिंगहॅमला आले त्याला आता अठरा वर्षं होतील. आई अजून मुलुंडलाच असते, त्यामुळे दर हिवाळ्यात महिनाभर मुक्काम तिकडे असतो आणि त्या महिन्यात बस, रिक्षा, लोकल सगळं वापरून होतं. तुम्हा तिघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण विषय तिघांच्या खात्यांत वाटला गेलाय. आणि वाटला गेलेला विषय कुणाच्याच टेबलावर नसतो, हे मी मुंबईत जन्मल्यामुळे जाणते.

विषय आहे मोटारींवरच्या कराचा. मुंबईत गर्दीवर किंवा धुरावर कर बसवायची चर्चा अधूनमधून उठते आणि बसते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेवरून खडसावलं, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला समिती नेमायला सांगितलं, तेव्हा ती पुन्हा उठली. मी ती लांबून वाचत असते. कॅमेरे कुठे लावायचे, फास्टॅगमधून पैसे कसे कापायचे, दर किती ठेवायचा, यावर पुष्कळ बोललं जातं. बसचं नाव फारसं निघत नाही. निघालंच तर शेवटच्या ओळीत, ‘सार्वजनिक वाहतूकही सक्षम करण्यात येईल’ या आपल्या ठेवणीतल्या वाक्यात.

मी राहते त्या शहरात हा कर १४ जून २०२१ पासून घेतला जातो. म्हणून बसचं काय झालं ते सांगावंसं वाटलं.

बर्मिंगहॅमच्या मध्यभागाला ‘मिडलवे’ नावाच्या रिंग रोडचा वेढा आहे. त्याच्या आतला भाग म्हणजे क्लीन एअर झोन, इथल्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘कॅझ’. गाडी जुन्या जातीची असेल, म्हणजे डिझेलची युरो ६ च्या खालची किंवा पेट्रोलची युरो ४ च्या खालची (युरो म्हणजे धुराचे युरोपीय निकष, आपल्या बीएससारखे), तर आत शिरताच कॅमेरा नंबर टिपतो. मोटार असेल तर दिवसाचे ८ पाऊंड. ट्रक, बस, कोच असेल तर ५०. कोच म्हणजे आपली लक्झरी बस.

२०२२ च्या हिवाळ्यात आमच्या इथल्या ज्येष्ठ मंडळींनी गाण्याच्या एका कार्यक्रमाला जायचं ठरवलं. सभागृह कॅझच्या ऐन मध्यात. ४१ माणसं, बहुतेकांची सत्तरी उलटलेली, दोघं व्हीलचेअरवर. बस ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही नेहमी ज्यांच्याकडून बस घेतो ते एक सरदारजी आहेत, घरच्या चार गाड्या, एक ते स्वतः चालवतात. फोनवर म्हणाले, ‘बहनजी, गाडी युरो पाच है. पचास पाऊंड अलग लगेंगे. और बारा के पहले बाहर निकालनी पडेगी, नहीं तो और पचास.’ कारण दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. बारा वाजून एक मिनिटाने गाडी आतच असली की नवा दिवस, नवी पावती.

कार्यक्रम पावणेअकराला संपला. मग कोट शोधणं, लिफ्टची रांग, बायकांच्या टॉयलेटची त्याहून मोठी रांग. अकरा पंचवीसला सगळे बसमध्ये बसले आणि मागच्या सीटवरून एक काका म्हणाले, माझा मफलर आत राहिला. सरदारजी आरशातून माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी पळत जाऊन मफलर आणला. अकरा बावन्नला बसने मिडलवे ओलांडला तेव्हा आत टाळ्या वाजल्या, गाण्याला वाजल्या नसतील एवढ्या.

आता पन्नास पाऊंड ४१ जणांत वाटले तर माणशी सव्वा पाऊंड. कुणाचं दिवाळं निघालं नाही, आणि नियम होता तसाच लागला, त्यात कुणाची चूक नाही. पण त्याच कार्यक्रमाला आमच्यातलं एक जोडपं स्वतःच्या नव्या कोऱ्या डिझेल एसयूव्हीतून आलं. युरो ६. त्यांना काही पडलं नाही. दोन माणसांची गाडी फुकट, ४१ माणसांची गाडी पन्नास पाऊंड. या नियमाचा रोख कुणावर आहे, हा प्रश्न मला त्या रात्री घरी येईपर्यंत सुटेना.

उत्तर सापडलं ते ब्रिटिश सरकारच्या वर्गवारीत. क्लीन एअर झोनचे चार वर्ग आहेत, ए पासून डी पर्यंत. ए वर्गात कर पडतो तो बस, कोच आणि टॅक्सीला. बी मध्ये त्यात ट्रक येतात. सी मध्ये व्हॅन आणि मिनीबस. खासगी मोटारी येतात थेट डी मध्ये, सगळ्यात शेवटी. म्हणजे कुठल्याही शहराने स्वच्छ हवेकडे पहिलं पाऊल टाकलं की ते पडतं बसच्या पायावर. बाथ हे सुंदर जुनं शहर. तिथे मार्च २०२१ मध्ये सी वर्गाचा झोन आला. जुन्या बसला दिवसाला १०० पाऊंड, आणि मोटार कितीही धूर ओकणारी असो, शून्य. न्यूकॅसल आणि शेफील्डने २०२३ मध्ये हीच तऱ्हा उचलली, बसला ५० पाऊंड, मोटारींना माफ.

याला दोन कारणं आहेत. जुनी डिझेल बस दिवसभर त्याच चार रस्त्यांवरून फिरते, तिचा धूर त्याच फुटपाथवर साचतो, तेव्हा ती सुधारली की फरक लवकर दिसतो. हे शास्त्राचं कारण आणि ते खरं आहे. दुसरं कारण, बसमध्ये बसणारा माणूस नगरसेवकाला फोन करत नाही, मोटारवाला करतो. हे निवडणुकीचं कारण, आणि तेही खरं आहे.

मोठ्या बस कंपन्यांनी यातून मार्ग काढला. त्यांना सरकारी अनुदान मिळालं, नव्या गाड्या आल्या, जुन्यांना धूर शुद्ध करणारं यंत्र बसवलं गेलं. त्या यंत्राची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते एक्झॉस्टमध्ये बसतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतं, पण त्यासाठी एक्झॉस्ट तापलेला लागतो. शहरातली बस दर दोनशे मीटरवर थांबते, सिग्नलला रेंगाळते, एक्झॉस्ट तापतच नाही. कागदावर ८० टक्के घट धरली होती, रस्त्यावर मोजली तेव्हा त्याच्या जवळपासही नव्हती. शेवटी २०२३ मध्ये सरकारने या यंत्रांसाठी नवा पैसा देणं थांबवलं. मुंबईत उद्या कुणी शाळांच्या आणि कंपन्यांच्या जुन्या बसना ‘किट बसवा आणि कर टाळा’ अशी योजना घेऊन आला, तर आधी त्याला एक बस घेऊन सकाळी नऊला सायनहून कुर्ल्याला जायला सांगा.

लहान बसवाल्यांना मात्र हे जड गेलं. आमच्या सरदारजींनी पुढच्या वर्षी ती गाडी विकली. नवी घ्यायची तर अडीच लाख पाऊंडांच्या पुढे जाते म्हणाले. त्याच गाडीवर एका शाळेची फेरी होती, तीही सोडली. त्या शाळेची मुलं आता कशाने जातात? मी विचारलं नाही, पण सकाळी आठला शाळेच्या गेटसमोर मोटारी वाढलेल्या दिसतात.

आता लंडनकडे वळते, कारण मुंबईत उदाहरण नेहमी लंडनचं दिलं जातं आणि अर्धंच दिलं जातं.

लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला मध्य शहरात शिरणाऱ्या मोटारींवर ५ पाऊंडांचा गर्दी-कर बसवला. केन लिव्हिंग्स्टन तेव्हा महापौर होते. हे सगळे सांगतात. न सांगितलं जाणारं अर्ध असं की त्याच सकाळी रस्त्यावर सुमारे ३०० जादा बस उतरवल्या होत्या. ‘लवकरच’ नाही, ‘दुसऱ्या टप्प्यात’ नाही, त्याच सकाळी. मोटार घरी ठेवून जो माणूस बाहेर पडला त्याला स्टॉपवर बस मिळाली. वर्षभरात सकाळच्या गर्दीच्या वेळी त्या भागात बसने येणारे एक-तृतीयांशाहून जास्त वाढले. हिशोब करणाऱ्यांनी त्यातले निम्मे कराच्या खाती टाकले, निम्मे चांगल्या बसच्या. शिवाय या करातून उरणारा पैसा पहिली दहा वर्षं वाहतुकीवरच खर्च करायचा, हे कायद्यातच लिहिलेलं होतं.

बर्मिंगहॅमला हे का जमलं नाही? कारण इथली बस शहराच्या हातात नव्हतीच. पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारने १९८५ मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी इंग्लंडातली बससेवा खुल्या बाजारात टाकली. कंपनीला फायदा दिसेल तिथे बस, न दिसेल तिथे नाही. लंडनचा महापौर बसचे मार्ग आणि फेऱ्या ठरवू शकत होता. बर्मिंगहॅमची महापालिका कर बसवू शकत होती, पण ‘उद्यापासून इथे वीस बस वाढवा’ असा हुकूम सोडू शकत नव्हती. रेल्वेचंही तेच. माझ्या घराजवळ किंग्ज हीथ स्टेशन आहे, म्हणजे होतं. १९४१ साली, युद्धाच्या धामधुमीत तिथली प्रवासी गाडी बंद झाली. ती पुन्हा सुरू करायचं ठरलं, काम निघालं. पण कर आला २०२१ मध्ये आणि २०२५ चा उन्हाळा सरला तरी स्टेशनचं फाटक उघडलं नव्हतं. कर वेळेवर आला, गाडी लेट.

आणि म्हणूनच, महाव्यवस्थापक साहेब, मला तुमच्या उपक्रमाचा हेवा वाटतो. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, १९४७ मध्ये ती खासगी कंपनीकडून महापालिकेकडे आली आणि तेव्हापासून आजपर्यंत मुंबईची बस ही मुंबईची आहे. महापालिका तुमची पालक. म्हणजे कर बसवणारा हात आणि बस सोडणारा हात एकाच अंगाचे. बर्मिंगहॅमला जे हवं होतं आणि नव्हतं, ते तुमच्याकडे घरचं आहे. ते तुम्ही हळूहळू बाहेर भाड्याने देत चालला आहात, हा भाग वेगळा. एके काळी बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या, आज भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे कंत्राटदारांच्या, धरूनही तीन हजारांच्या आत आहेत, आणि स्वतःच्या म्हणाव्यात अशा तर काहीशेच. मे २०२५ मध्ये किमान तिकीट ५ रुपयांवरून १० वर गेलं. तोट्याचे आकडे मलाही वाचता येतात, त्यामुळे भाडं वाढवलं म्हणून भांडायला मी आलेली नाही. पण मोटारवाल्याला ‘बसने जा’ म्हणायचं असेल तर आधी त्या वाक्यातली बस दाखवावी लागेल.

मँचेस्टरने जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, जरी तिथवर ते धडपडतच पोचले. आख्ख्या ग्रेटर मँचेस्टरभर करझोन करायचा बेत होता, ३० मे २०२२ ही तारीख ठरली होती, कॅमेरे लागले होते, पाट्या उभ्या राहिल्या होत्या. व्हॅनवाले, टॅक्सीवाले चिडले, आणि फेब्रुवारीत सगळं थांबवावं लागलं. कोट्यवधी पाऊंड त्या पाट्यांवर गेले ते गेलेच. पण त्याच सुमारास महापौर अँडी बर्नहॅम यांनी बससेवा पुन्हा सार्वजनिक ताब्यात घ्यायचं काम चालवलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये विगन आणि बोल्टनपासून सुरुवात झाली, जानेवारी २०२५ मध्ये सगळा प्रदेश त्यात आला. पिवळ्या बस, एकच तिकीट, एकच नकाशा. मग ते सरकारला म्हणाले, आम्ही कर घेत नाही, त्याऐवजी बस स्वच्छ करतो. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ते मान्य केलं आणि वर पैसेही दिले. जी बस ए वर्गात पहिली गुन्हेगार म्हणून उभी केली होती, तीच औषध ठरली.

म्हणजे कर नकोच, असं मी म्हणतेय का? नाही. लंडनच्या दक्षिणेला साउथ सर्क्युलर नावाचा रस्ता आहे. त्याच्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. नऊ वर्षांची होती. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. लंडनचा धूर-कर, यूलेझ, एप्रिल २०१९ मध्ये मध्यभागात आला, ऑक्टोबर २०२१ मध्ये साउथ सर्क्युलरपर्यंत आणि २९ ऑगस्ट २०२३ ला सगळ्या लंडनभर. मुंबईतल्या आईबापांना नेब्युलायझर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कर लागू करा. मी फक्त कशावर आणि कधी, एवढंच विचारतेय.

कशावर, हे महत्त्वाचं अशासाठी की धूर-कर आणि गर्दी-कर ही दोन वेगळी जनावरं आहेत आणि मुंबईच्या चर्चेत ती एकाच दावणीला बांधली जातात. धूर-कर गाडीला विचारतो, तू नवी की जुनी. गर्दी-कर विचारतो, तू इथे का आलीस. यूलेझची घोषणा झाली त्या २०१७ साली लंडनमधल्या १०० गाड्यांपैकी जेमतेम ३९ त्या निकषात बसत होत्या. सगळ्या शहरात झोन पसरला तेव्हा ९५ बसू लागल्या. हवेच्या दृष्टीने हे यशच. पण त्या ९५ गाड्या रस्त्यावर आहेतच की. बस त्यांच्या मागेच उभी आहे, फक्त पुढचा धूर कमी झालाय. शिवाय सगळ्यांनी गाड्या बदलल्या की गल्ला रिकामा. धूर-कर यशस्वी व्हायचा म्हणजे त्याची कमाई संपायलाच हवी, तेव्हा त्याच्या भरवशावर पुढच्या वीस वर्षांची बससेवा उभी करता येत नाही.

मुंबईत तर हे आणखीच लागू पडतं. तुमच्या रिक्षा-टॅक्सी बहुतेक सीएनजीवर आल्या, एप्रिल २०२० पासून विकलेली प्रत्येक गाडी बीएस-६ आहे, विजेच्या मोटारी वाढताहेत. धूर-कर लावलात तर भरणार कोण? जुना टेम्पोवाला, शाळेची जुनी बस, गावाकडची जीप. आणि पेडर रोडवर एकेक माणूस घेऊन चाललेल्या नव्या गाड्यांची रांग जशीच्या तशी. लंडनला हे उशिरा कळलं. तिथल्या गर्दी-करातून ओला-उबरच्या जातीच्या भाडोत्री मोटारींना एप्रिल २०१९ पर्यंत सूट होती, विजेच्या मोटारींना २०२५ च्या नाताळापर्यंत. दोन्ही सवलती काढून घ्याव्या लागल्या. २ जानेवारी २०२६ पासून तिथला कर दिवसाला १८ पाऊंड झाला आणि विजेच्या मोटारीलाही, थोडी सवलत देऊन, तो भरावा लागतो. गाडी विजेवर चालली म्हणून तिची लांबी कमी होत नाही, हे कळायला त्यांना बावीस वर्षं लागली. तुम्हाला फुकट सांगतेय.

एक जुनी जखमही उघडते, माफ करा. लंडनला आपल्या झोनची वेस उभी करण्यासाठी शेकडो कॅमेरे लावावे लागले. मुंबईला ती वेस आयती होती. दहिसर, मुलुंडची दोन, ऐरोली आणि वाशी, अशी पाच नाकी. रस्त्याने मुंबईत येणारी बहुतेक प्रत्येक मोटार यातल्या एका नाक्यावरून येत होती आणि ४५ रुपये देत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या वाहनांना तो टोल माफ झाला. जड वाहनांना चालू राहिला. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, माझ्या आईनेही खाल्ले, आईकडे मोटार नाही. टोल पुलांसाठी होता, पूल वसूल झाले होते, लोक वैतागले होते, सगळं मान्य. पण त्या ४५ रुपयांचं नाव बदलून ‘बस निधी’ करता आलं असतं का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

निधीवरून आठवलं. दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नोव्हेंबर २०१५ पासून शहरात शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांवर पर्यावरण भरपाई आकार लागला, हलक्यांना ७०० आणि जडांना १,३०० रुपये, दोन महिन्यांत दुप्पट केला. चांगली गोष्ट ही की प्रवासी बस त्यातून वगळल्या होत्या. वाईट ही की जमलेल्या पैशातला मोठा भाग पहिली काही वर्षं पडूनच राहिला. तुम्हीही २०१० पासून जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर घेताच. त्यातून किती बस आल्या, एवढा एक आकडा या पत्राच्या उत्तरात दिलात तर आभारी राहीन.

माझं मागणं थोडक्यात असं. प्रवासी नेणारी कुठलीही बस, मग ती बेस्टची असो, भाडेतत्त्वावरची, एसटी, ठाणे-नवी मुंबईची, शाळेची किंवा कारखान्याची, या करातून पूर्ण बाहेर ठेवा. भाडेतत्त्वावरच्या बसला कर लावलात तर कंत्राटदार तो किलोमीटरच्या दरात घालून तुमच्याकडूनच वसूल करेल, तेव्हा त्यात कमाई काहीच नाही. जुन्या बसना बदलायला मुदत आणि कर्ज द्या, दंड नको. कराचा पैसा कायद्याने बांधलेल्या वेगळ्या खात्यात, आणि त्या खात्याचा हिशोब दर तीन महिन्यांनी जाहीर. लंडनची आणखी एक युक्ती उचलण्यासारखी आहे. जुनी मोटार भंगारात दिली की तिथे २,००० पाऊंड मिळायचे, किंवा थोडे कमी पैसे आणि वर बस-ट्रामचा वर्षाचा पास. रोख पैशाने माणूस दुसरी मोटार घेतो. पास हातात असला की निदान एकदा बसमध्ये चढून बघतो.

आणि जादा बसचा आकडा कराच्या तारखेसोबत जाहीर करा, आगारवार. मुलुंड आगारातून आज इतक्या फेऱ्या, त्या दिवसापासून इतक्या. कर सुरू होईल त्या सकाळी मी तिकडे असेन तर मी, नाहीतर आई, सात वाजता आगाराच्या गेटबाहेर वही घेऊन उभ्या राहू. आईला सवय आहे, गिरणीत टाइमकीपर होती.

कळावे,
मुलुंडची एक माहेरवाशीण,
सध्या मुक्काम बर्मिंगहॅम